टोगा टाकलेलं रोम आणि खेव्सुरी पैरण

आधी नुसती पैरण बघा. ती घालणारा माणूस नको, त्याची तलवार नको, मागचा बर्फाळ डोंगर तर नकोच. जाड, घरीच कातलेल्या-विणलेल्या लोकरीची पैरण. रंग गडद, काळ्याकडे झुकणारा निळा. गळ्याला कॉलर-बिलर काही नाही, डोकं आत जाईल एवढी चीर. त्या चिरेच्या दोन्ही अंगांना तांबड्या, पिवळ्या, हिरव्या धाग्यांचे बारके बारके क्रूस, एकमेकांना खेटून भरलेले. खांद्यांवर पुन्हा क्रूस. बाहीच्या तोंडाशी नक्षीची पट्टी, खाली घेराला पट्टी, आणि बाजूला जिथे पैरण फाकते तिथे ती पट्टी कोपरा वळून वर चढते. मधूनमधून पांढरी बटणं टाचलेली. त्यांना काजं नाहीत, ती नुसती शोभेची.

ही खेव्सुरेतीची पैरण. जॉर्जियाच्या ईशान्येला, कॉकेशसच्या मुख्य रांगेच्या कुशीत हा मुलूख आहे. शातिली, मुत्सो अशी दगडी बुरुजांची गावं. वाटेत दात्विसज्वारीची खिंड, उंची 2676 मीटर. हिवाळ्यात ती बर्फाने बंद झाली की पलीकडची गावं जगापासून तुटलीच म्हणून समजा. इथल्या पोशाखाला तालावारी म्हणतात. बायकांचा झगा तो सादियात्सो, आणि त्याच्या छातीवर क्रूस, मणी, बटणं, जुनी नाणी यांची एवढी गर्दी असते की बाई चालताना वाजत असणार!

आता या पैरणीशी थोडा खेळ करू. लांबी वाढवून गुडघ्यापर्यंत आणा. लोकरीच्या जागी पांढुरकं लिनन घ्या. खांद्यावरचे क्रूस पुसून तिथे एकेक गोल चकती ठेवा, आत जांभळ्या लोकरीत द्राक्षाचा वेल नाहीतर पळणारा ससा. गळ्याच्या दोन्ही अंगांच्या पट्ट्या खाली ओढत न्या, कमरेपर्यंत किंवा पार घेरापर्यंत. बाहीची पट्टी आहे तशीच राहू द्या, घेराचीही. झालं! तुमच्यासमोर चौथ्या-पाचव्या शतकातल्या रोमन नागरिकाचा अंगरखा उभा आहे. इजिप्तच्या कोरड्या वाळूतून, अख्मीम आणि अँटिनोए इथल्या कबरींतून, असे अंगरखे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ढिगाने निघाले आहेत, रंगांसकट, ठिगळांसकट.

हे माझ्या लक्षात आलं आणि झोप उडाली. मी नाटकांची वेशभूषा करते, त्यामुळे कापड कुठे कापलंय, कुठे जोडलंय, नक्षी कुठे बसवलीय हे बघायची डोळ्यांना खोडच लागली आहे. भाची तिबिलिसीत एमबीबीएस करते (आपल्याकडची कितीतरी मुलं हल्ली तिकडे आहेत), तिने रुस्तावेली मार्गावरच्या संग्रहालयातले फोटो पाठवले, “मावशी, तुझ्या कामाचं” एवढंच लिहून. आणि माझ्या टेबलावर नेमकं एक जाडजूड पुस्तक उघडं पडलेलं होतं, उत्तर रोमन काळातल्या कापडांचं. एकदा फोनकडे बघायची, एकदा पुस्तकाकडे. तेव्हापासून घरच्यांनी माझ्यासमोर जॉर्जियाचं नाव काढणं बंद केलंय.

पण रोमन म्हटल्यावर हे कसलं पैरण-अंगरखा प्रकरण, असं तुम्हाला वाटणार. साहजिक आहे. आपल्याकडे रंगभूमीवर रोमन आला की पांढरी चादर आलीच. एक खांदा उघडा, डोक्याला पानांचं कडं. तो टोगा. ज्युलियस सीझर आणि सिसेरोचा काळ इसवी सनापूर्वीचा. त्यानंतर रोमन साम्राज्य आणखी कितीतरी शतकं नांदलं, राजधानी कॉन्स्टँटिनोपलला गेली, आणि या मधल्या काळात माणसांनी ती चादर हळूहळू फक्त समारंभापुरती ठेवून दिली. कोण रोज ती सावरत बसणार? अंगात आला लांब बाह्यांचा अंगरखा. त्याखाली पायांत घट्ट विजार किंवा पोटऱ्यांना गुंडाळ्या. कमरेला रुंद पट्टा, खांद्यावर एका बाजूला मोठ्या पिनेने अडकवलेला झगा. आणि अंगरख्यावर त्या उभ्या पट्ट्या, त्या चकत्या, ते चौकोन. सैनिकापासून सेनापतीपर्यंत, गुलामापासून जमीनदारापर्यंत साधारण हाच साचा. फरक कापडाचा आणि नक्षीचा.

बघायचंच असेल तर सिसिलीत पियात्सा आर्मेरिनाजवळच्या व्हिल्ला रोमाना देल काझालेची जमीन बघा. चौथ्या शतकातल्या कुण्या बड्या माणसाची हवेली, आणि तिच्या एका लांबच लांब ओसरीत शिकारीचं मोझेक. वाघ, गेंडे, शहामृग बोटीत चढवताहेत. सगळे बघतात ती जनावरं. तुम्ही माणसांचे खांदे बघा! चकत्या, चकत्या, चकत्या. मांडीवरही चकत्या, मनगटावर पट्ट्या. किंवा बल्गेरियात सिलिस्त्राची कबर. 1942 साली सापडली, तीही चौथ्या शतकातली. आत भिंतीवर मालक-मालकीण मधोमध उभे, आणि दोन्ही बाजूंनी नोकर मालकाचे कपडे घेऊन येताहेत. एकाच्या हातात विजार, आणि तिला खाली मोजे जोडलेलेच. एकाकडे पट्टा, एकाकडे झगा. वेशभूषाकाराने मेकअप रूममध्ये क्रमाने मांडून ठेवावेत तसं हे चित्र आहे. सोळाशे वर्षांपूर्वीच्या कुणीतरी माझं काम सोपं करून ठेवलं.

बरं, कपड्यांचा हा बदल सगळ्यांना आवडला होता असं मुळीच नाही. चौथं शतक संपता संपता सम्राटांनी चक्क फर्मान काढलं की रोम शहरात विजार घालून आणि विशिष्ट पूर्वेकडचे बूट घालून फिरायचं नाही. पुढे 416 साली लांब केस आणि कातड्याचे कपडेही बंद. सम्राट थिओडोसियसच्या कायदेसंग्रहात ही फर्मानं आहेत. आता सांगा, ज्या गोष्टीवर पुन्हा पुन्हा बंदी घालावी लागते, ती गोष्ट रस्त्यात किती असेल? त्या बुटांकडे मात्र लक्ष असू द्या. ते पुन्हा येणार आहेत.

आता मागाकडे या, कारण माझ्या मते खरी गंमत तिथे आहे. हा उत्तर रोमन अंगरखा शिवलेला नसतो. तो जवळपास अख्खा विणलेला असतो, आणि तोही आडवा. माग एवढा रुंद की त्यावर अंगरख्याची पूर्ण लांबी बसते. विणकर सुरुवात करतो एका बाहीच्या मनगटापासून. बाही संपली की दोन्हीकडे ताण्याचे आणखी धागे विणायला घेतो, म्हणजे धड सुरू झालं. मधोमध गळ्याची फट विणतानाच सोडायची. मग दुसऱ्या खांद्याकडून दुसरी बाही, आणि दुसऱ्या मनगटाशी काम संपलं. मागावरून उतरतो तो एक भलामोठा क्रूस! खांद्यावर दुमडा, दोन्ही कुशी शिवा, घाला. कात्री जवळपास लागतच नाही. म्हणजे अंगावर उभ्या दिसणाऱ्या त्या पट्ट्या मागावर आडव्या बाण्याच्या रांगा असतात. आणि चकत्या, ससे, वेली हे भरतकाम नव्हेच. तिथल्या तिथे, लिननच्या ताण्यावर रंगीत लोकरीच्या छोट्या छोट्या कांड्या फिरवून, रंगाला रंग अडकवून विणलेलं. येवल्याला पैठणीच्या पदरावर मोर कसा उतरतो ते ज्याने जवळून पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

खेव्सुरी पैरण मात्र अशी होत नाही. तिचा माग अरुंद, पन्हा लहान. म्हणून ती तुकड्यांची. पुढचा-मागचा भाग, बाह्या, बगलेत तुकडा, घेर हवा तिथे कळ्या. नक्षी वरून सुईने आणि टाचून, मणी-बटणांसकट. म्हणजे कारागिरी सरळ सरळ वेगळी. सारख्या आहेत त्या नक्षीच्या जागा. गळ्याची चीर, खांदा, मनगट, घेर, बाजूची फाक. अगदी नकाशावर खुणा कराव्यात तशा त्याच जागा! आणि त्या पट्टीचं कोपरा वळून वर चढणं, ते इजिप्तच्या अंगरख्यांवरही दिसतं. घेराची पट्टी बाजूला येते, काटकोनात वळते आणि शिवणीलगत वर जाते. मी दोन्ही छापून भिंतीवर शेजारी शेजारी लावले आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, यातलं कॉकेशसचं कुठलं? निम्मे लोक चुकतात. (बाकीचे निम्मे चहा मागतात.)

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर तुम्ही इंटरनेटवर “जॉर्जियन पोशाख” शोधाल आणि भलतंच समोर येईल. समोर येईल चोखा. काळा किंवा तांबडा लांब कोट, कमरेशी घट्ट, खाली घेरदार, कमरेला खंजीर, आणि छातीच्या दोन्ही बाजूंना नळकांड्यांची रांग. जॉर्जियन नवरदेव आज लग्नात हाच घालतात, आणि सुखिश्विली नृत्यसंचाचे नर्तक गुडघ्यांवर गिरक्या घेतात तेही यातच. हा संच 1945 साली इलिको सुखिश्विली आणि नीनो रामिश्विली या नवरा-बायकोने काढला, आणि त्याचे पोशाख सिमोन विर्सालाद्झे या मोठ्या नेपथ्यकाराने रेखले. काय नजर होती माणसाची! पण तो रंगमंचाचा पोशाख आहे हे लक्षात ठेवायचं; रेघा लांबवलेल्या, रंग वेचलेले, शेवटच्या रांगेतून छान दिसावं म्हणून. मीही तेच करते.

चोख्यावरच्या त्या नळकांड्या म्हणजे बंदुकीच्या दारूची मोजून ठेवलेली मापं. त्यांचा रोमशी संबंध असूच शकत नाही. बंदूक कॉकेशसात आली त्यानंतरचं ते सगळं. तसंच श्रीमंत घरच्या बायकांची कार्तुली काबा. कमरेला रुंद पट्टा, त्याची भरतकाम केलेली दोन टोकं समोरून पार पायापर्यंत. इटलीतल्या रेवेन्नाच्या मोझेकांची सवय झालेल्या डोळ्यांना ती टोकं बघून बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा रोमन दरबार आठवतो खरा, पण आज दिसणारी काबा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली, आणि तिच्या कापात इराणच बोलतं. डोक्यावरच्या साजाबद्दल मात्र माझं मन अजून हटत नाही. कापडाची भरीव वळी, तिच्याभोवती मखमलीचा पट्टा, वरून लेचाकी नावाची पातळ जाळीदार ओढणी. आणि फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लोत पाचशे सालच्या आसपासचं हस्तिदंती फलक आहे, त्यावर सम्राज्ञी, बहुधा अरिआद्ने. तिच्याही कपाळाभोवती तशीच भरीव वळी. योगायोग असेल. असू दे.

टोप्यांचं सांगू का? थोडक्यात सांगते. जॉर्जियातल्याच स्वानेती मुलखाची राखाडी नमद्याची टोपी, जिच्यावर क्रूसासारख्या फिती असतात, ती पर्यटकांची लाडकी. तिला रोमन जोड मला सापडत नाही. पण खेव्सुरींची ती बसकी, गोल, चपटी टोपी घ्या आणि व्हेनिसला सान मार्को चर्चच्या कोपऱ्यात जा. तिथे तांबड्या पॉर्फिरी दगडातले चार सम्राट एकमेकांना मिठी मारून उभे आहेत. डायोक्लेशियन आणि त्याचे भागीदार, इसवी सन 300 च्या आसपासचे. 1204 मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटताना उचलून आणलेले, एकाचा पाय तिथेच राहिला. त्या चौघांच्या डोक्यावर बघा काय आहे! बसकी, गोल, चपटी टोपी. सैन्यातल्या लोकांची ती तेव्हाची नेहमीची टोपी, पॅनोनियाची म्हणून ओळखली जाणारी. आणि याच डायोक्लेशियनने 301 साली काढलेल्या दरपत्रकात कपड्यांची एवढी लांबलचक यादी आहे, गावागणिक आणि प्रतीगणिक भाव लावलेली, की मी ती किराणा दुकानाच्या वहीसारखी चवीने वाचली. तार्ससचा माल, लाओडिकियाचा माल, पहिली प्रत, दुसरी प्रत, तिसरी प्रत. सम्राट आहे की कापड दुकानदार!

आता खरा प्रश्न. रोमचं कापड या डोंगरांपर्यंत पोचलं होतं का?

पोचलं होतं, आणि त्याचा पुरावा एवढा भरजरी आहे की मी तो वाचून खुर्चीतून उठून उभी राहिले. जॉर्जियाचे तेव्हा दोन भाग धरा. पूर्वेला कार्तली, ज्याला रोमन आयबेरिया म्हणत. पश्चिमेला काळ्या समुद्राकाठी लाझिका, जुन्या कोल्खिसचीच भूमी. कार्तलीची राजधानी म्त्सखेता. इसवी सन 75 मध्ये सम्राट व्हेस्पेशियनने तिथल्या राजाला तटबंदी बांधून दिल्याचा ग्रीक शिलालेख सापडला आहे. चौथ्या शतकात कार्तलीच्या राजघराण्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. समुद्राकाठी बातुमीजवळ गोनियोचा रोमन किल्ला आजही उभा आहे. म्हणजे ये-जा जुनीच. पण 522 साली जे झालं ते तर नाटकाचा तिसरा अंक शोभावं असं आहे.

लाझिकाच्या राजाला तोवर मुकुट मिळायचा इराणच्या शहेनशाहाकडून. त्साथ नावाच्या नव्या राजाने ते नाकारलं आणि सरळ कॉन्स्टँटिनोपल गाठलं, सम्राट जस्टिनपुढे. तिथे बाप्तिस्मा घेतला, एका खानदानी रोमन घरातली मुलगी केली आणि सम्राटाच्या हातून मुकुट घेतला. आता मालालास हा इतिहासकार काय करतो? राजकारण दोन वाक्यांत उरकतो आणि कपड्यांवर येतो! त्साथला मिळाला पांढराशुभ्र रेशमी झगा. दरबाऱ्यांच्या झग्यावर जांभळा चौकोन असतो, याच्यावर सम्राटासारखा सोन्याचा. आणि त्या चौकोनात छोटंसं चित्र, खुद्द जस्टिनचं. आत अंगरखा, तोही पांढरा, सोन्याच्या राजेशाही नक्षीचा, आणि त्यावरही पुन्हा जस्टिन. म्हणजे हा राजा घरी गेला तो छातीवर आपल्या आश्रयदात्याचा चेहरा मिरवत. आजच्या पक्षाच्या टी-शर्टांना तुम्ही उगाच नावं ठेवता.

आणि मग मालालास खाली बघतो. पायांकडे. त्साथचे बूट मात्र त्याने त्याच्या देशातून घालून आणलेले होते. तांबडे, मोती जडवलेले, इराणी घाटाचे. पट्ट्यावरही मोती. आठवले ते बूट? सव्वाशे वर्षांपूर्वी रोमच्या रस्त्यांवर ज्यांना बंदी होती ते, त्याच जातीचे, मालालास त्यांना नावही तेच देतो. ते आता राजमुकुटाच्या समारंभात, सम्राटासमोर, दिमाखात उभे!

पुढच्या पिढीतल्या दुसऱ्या त्साथच्या वेळीही तेच. अगाथियास हा दुसरा इतिहासकार लिहितो की त्याला मिळाला सोन्याचा मुकुट, पायघोळ सोनेरी अंगरखा, तांबडे बूट आणि पांढरा झगा. जांभळ्याचा हक्क नाही, पण मधून सोन्याची पट्टी. यादी वाचताना मला सारखी रेवेन्ना आठवत होती. तिथल्या सान व्हिताले चर्चमधलं सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोराचं मोझेक, 547 सालचं. जस्टिनियनशेजारचे दरबारी पांढऱ्या झग्यांत, समोर मोठा चौकोन. शेजारचे रक्षक रंगीत अंगरख्यांत, खांद्यांवर गोल नक्षी. लाझिकाचे दोन्ही त्साथ त्या भिंतीवर कुठेही उभे राहिले असते तर कुणाला वेगळे वाटले नसते.

तेव्हा माझ्या डोक्यात चक्र उलटं फिरायला लागलं. आपण विचारतो, रोमचं काय काय कॉकेशसात उतरलं? पण त्या बुटांनी दुसरं दार उघडलं. लांब बाही, विजार, मोत्यांचा पट्टा, उंच बूट, समोरून उघडणारा कोट हे सगळं रोमने तरी कुठून घेतलं? पूर्वेकडून, उत्तरेकडून, इराणकडून, घोड्यावरच्या लोकांकडून. इजिप्तच्या ज्या अँटिनोएत ते चकत्यांचे अंगरखे निघाले, त्याच अँटिनोएच्या कबरींतून समोरून उघडणारे, कमरेशी बसणारे, हातापेक्षा लांब बाह्यांचे घोडेस्वारी कोट निघाले आहेत. एक बर्लिनच्या संग्रहालयात आहे, मऊ लोकरीचा, रेशमी काठाचा, इराणी कापाचा. नाईलकाठी, रोमन प्रजेच्या अंगात! आणि कॉकेशसच्या उत्तर उतारावर मोश्चेवाया बाल्का नावाची एक दरी आहे, रेशीम मार्गाच्या एका फाट्यावर. तिथल्या कडेकपारीतल्या थडग्यांत आठव्या-नवव्या शतकातले कोट जसेच्या तसे टिकले. एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये आहे. लिननचा, समोरून उघडणारा, कमरेशी घट्ट, खाली घेर, कडेला रेशमाची पट्टी. चोख्याचा पणजोबा म्हणावा तर हा. तोही रोमन नाही. पण रोमनांनाही तो चांगला ठाऊक होता.

म्हणजे माझं म्हणणं असं: तिसऱ्या ते सातव्या शतकात नाईलपासून कॅस्पियनपर्यंत एकच मोठं कापडबाजाराचं मैदान होतं. त्यात रोम आणि इराण रोज लढत होते आणि रोज एकमेकांच्या कपाटात हात घालत होते. कॉकेशस या दोघांच्या अगदी सांध्यावर. जॉर्जियाने रोमची नक्कल केली असं म्हणण्यापेक्षा, रोम म्हातारपणी जॉर्जियाच्या शेजाऱ्यांसारखं दिसायला लागलं, हे मला जास्त पटतं. पुढे रोमचे कपडे बदलले, इराणचे बदलले. खिंडीपलीकडच्या डोंगरात मात्र चीर-गळ्याची, नक्षीच्या ठरलेल्या जागांची पैरण विसाव्या शतकापर्यंत रोज अंगात घातली जात होती.

माझ्या उत्साहाला लगाम म्हणून मी एका माणसाची गोष्ट जवळ ठेवली आहे. अर्नोल्ड झिसरमान, एकोणिसाव्या शतकातला रशियन अधिकारी, कॉकेशसात पंचवीस वर्षं काढलेला. त्याने खेव्सुरींच्या कपड्यांवरचे क्रूस पाहिले, त्यांची साखळी चिलखतं आणि सरळ तलवारी पाहिल्या, आणि त्याला वाटलं, हे तर क्रुसेडच्या वाट चुकलेल्या धर्मयोद्ध्यांचे वंशज! ही कथा इतकी गाजली की रिचर्ड हॅलिबर्टन या अमेरिकन भटक्याने 1935 च्या पुस्तकात ती पुन्हा रंगवली. खेव्सुरी हे जॉर्जियनच, त्यांची बोली जॉर्जियनच. पण क्रूस दिसला की युरोपियन माणसाला धर्मयोद्धा दिसतो, आणि चकती दिसली की मला रोमन. शिवाय गळा, मनगट, घेर इथे नक्षी असायला साधी कारणंही आहेत. कापड उसवतं ते तिथेच, म्हणून पट्टी. आणि अंगाला बाहेरचं वारं लागतं ते त्या उघड्या जागांतून, म्हणून तिथे दृष्ट काढणाऱ्या खुणा. जगाच्या पाठीवर कितीतरी लोकांनी हे आपापलं शोधलंय. हे सगळं मला मान्य आहे. तरी ती कोपरा वळणारी पट्टी? ती बसकी टोपी? तिकडे बघून गप्प बसणं मला जमत नाही.

मधल्या हजार-बाराशे वर्षांत डोंगरातल्या माणसांनी काय घातलं, हे सांगणाऱ्या साक्षी विरळ आहेत. राजे-राण्या चर्चच्या भिंतींवर आहेत, म्हणजे वार्द्झियातली राणी तमार वगैरे, 1180 च्या दशकातली. पण त्या नखशिखांत बायझंटाइन दरबारी थाटात. त्यांच्यावरून मेंढपाळाची पैरण कळत नाही. पुढे एर्माकोव्ह या तिबिलिसीच्या छायाचित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव फिरून माणसं टिपली. आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत सरकारने खेव्सुरींना डोंगरावरून उचलून खाली मैदानात वसवलं. गावं ओस पडली, तालावारी पेटीत गेली.

पण या दोन टोकांच्या मध्ये एक माणूस आहे, आणि त्याच्यापायी मी सध्या वेडी झाले आहे. क्रिस्तोफोरो दे कास्तेल्ली. इटालियन मिशनरी, 1620 च्या दशकाच्या अखेरीस जॉर्जियात आला आणि दोन दशकांहून अधिक काळ राहिला. धर्मप्रसार किती केला देव जाणे, पण दिसेल ते काढत सुटला. राजे, सरदार, शेतकरी, बायका, टोप्या, पट्टे, जहाजं, मासे. कोपऱ्यात माहिती लिहिलेली. राजा तेइमुराज पहिला आणि राणी खोराशान यांचं चित्रही त्याचंच. हा तेइमुराज म्हणजे केतेवान राणीचा मुलगा. तीच केतेवान, जिला 1624 मध्ये शिराझला हाल करून मारलं आणि जिचं हाड ऑगस्टिनियन साधूंनी गोव्याला आणलं. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्याजवळ ते सापडलं, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासणी झाली, आणि 2021 साली ते जॉर्जियाला दिलं गेलं. त्या मनोऱ्याखाली उभं राहून आपण सगळ्यांनीच फोटो काढलेत.

तर कास्तेल्ली म्हातारपणी मायदेशी परतला आणि त्याच्या चित्रवह्या राहिल्या पालेर्मोच्या ग्रंथालयात. पालेर्मो, म्हणजे सिसिली. आणि व्हिल्ला रोमाना देल काझाले कुठे? सिसिलीत! एकाच बेटावर, गाडीने दोन-अडीच तासांच्या अंतरावर, एकीकडे चौथ्या शतकातल्या रोमनांचे अंगरखे जमिनीवर दगडात जडवलेले आणि दुसरीकडे सतराव्या शतकातल्या जॉर्जियनांचे अंगरखे कागदावर शाईने काढलेले. आखायचं म्हटलं असतं तरी कुणाला इतकं सोयीचं आखता आलं नसतं. भाची म्हणतेय आधी तिबिलिसीला ये, मग बघू. मी तिला सांगितलंय, तुझी परीक्षा आटप आणि व्हिसाचं बघ, आपण आधी पालेर्मोला जातोय. सकाळी ग्रंथालय, दुसऱ्या दिवशी मोझेक. आणि मोजपट्टी मी आत्ताच पर्समध्ये टाकली आहे, कुणी हात लावू देवो न देवो.